मदत हवी आहे: इरास्मस प्लसचा निधी ट्रस्टच्या कॉलेजने घ्यायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, खासगी ट्रस्टचं. बेल्जियममधल्या एका विद्यापीठाने इरास्मस प्लसच्या (युरोपीय संघाचा शिक्षणासाठी निधी देणारा कार्यक्रम) उच्च शिक्षण क्षमता-बांधणी योजनेत आम्हाला भागीदार म्हणून बोलावलंय. पहिल्या गटातल्या प्रकल्पांना २ ते ४ लाख युरो मिळतात आणि तो गट आमच्यासारख्या नवख्या, लहान संस्थांसाठीच आहे. अन्नप्रक्रिया विभागाचा अभ्यासक्रम नव्याने बांधायची अशी संधी परत कधी येणार? युरोपीय संघाकडे संस्थेची ओळख म्हणून लागणारा नऊ आकडी पीआयसी नंबर काढून झालाय, प्राचार्यही पाठीशी आहेत.

घोडं अडलंय एफसीआरएपाशी, म्हणजे परदेशी निधी घेण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यापाशी. त्याखाली आमच्या ट्रस्टची नोंदणी नाही. एका ठरावीक प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं. शिवाय २०२०च्या दुरुस्तीनंतर आलेला निधी दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. म्हणजे नाशिकच्या जोडीदार कॉलेजचा वाटा आमच्यामार्फत पाठवता येणार नाही.

कुणी अशी पूर्वपरवानगी काढली आहे का? अर्जासोबत भागीदारी करार जोडला की नुसतं समन्वयक विद्यापीठाचं पत्र चाललं? खर्च बेल्जियमनेच परस्पर करायचा, असा मार्ग कुणी काढला असेल तर तेही सांगा. अर्जाची मुदत दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास असते, म्हणून आत्ताच विचारतेय.