आठ वर्षे उभी असलेली 1984 ची पद्मिनी रस्त्यावर आणायची आहे. सुरुवात कोठून करावी?

नवखा वाईकर

नमस्कार. गेल्या महिन्यात मी 1984 सालची प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. पहिले मालक वारल्यानंतर गाडी आठ वर्षे त्यांच्या वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि त्यांच्या मुलाने ती मला दिली. नोंदणी पुस्तक अजून वडिलांच्याच नावावर असून त्याची मुदत 2019 मध्ये संपलेली आहे.

इंजिन जाम नाही असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे, परंतु मी ते फिरवून पाहिलेले नाही. ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते. चालकाच्या पायाखालच्या मॅटखाली ओल जाणवते. रंग मात्र दुरून पाहिला तर चांगला दिसतो. स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे माझा या कामाचा अनुभव नाही. इथल्या मेकॅनिकचे म्हणणे असे की, नवी बॅटरी लावू, बाटलीतून पेट्रोल देऊ, अर्ध्या तासात गाडी सुरू होईल, मग रंगकाम उरकून घ्या आणि ब्रेकचे काय ते सावकाश पाहता येईल. मला दिवाळीपर्यंत ती पसरणीच्या घाटाने पाचगणीला न्यायची आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. कामांचा क्रम काय असावा? हल्ली मिळणारे इथेनॉलमिश्रित पेट्रोल या गाडीला चालेल का? आणि ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घेतली तर कागदपत्रांची कटकट टळेल का?

कुर्ल्याचा जुना हात

मी तीस वर्षे मुंबईत याच गाड्यांची, त्यातही मुख्यतः टॅक्सींची कामे केली. तुमच्या मेकॅनिकला दोष देत नाही, कारण गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज ऐकवला की त्याचा जीव भांड्यात पडतो. पण घाट उतरायचा असेल तर त्याने सांगितलेला क्रम नेमका उलटा करा. ब्रेक आधी आणि रंग सर्वांत शेवटी.

या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत आणि त्या सर्वांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आहे. हल्लीच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा असतात, त्यामुळे एक फुटली तरी दुसरी थोडेफार धरते. इथे ती सोय नाही, एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, तो ओलावा आठ वर्षांत सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढवतो आणि मग नुसते रबर किट बदलून भागत नाही. चारही ड्रम उतरवा, सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहा, आणि जिथे खड्डा लागेल तिथे पूर्ण सिलिंडर नवा घाला. मास्टर सिलिंडरचेही तसेच. रबरी होज वरून कितीही चांगले दिसले तरी ते बदलाच, कारण जुने होज आतून फुगून बंद होतात आणि मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. लायनरवर ऑइल उतरले असेल तर ते पुसून वापरू नका. सर्व जोडून झाल्यावर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांब असलेल्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा.

चाके उतरलेलीच आहेत तर टायरही पाहून घ्या. या गाडीला 5.20-14 मापाचे टायर लागतात. नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा असतील तर त्यांची सेवा संपली असे समजावे. पुढची चाके ज्या उभ्या खिळ्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस पोहोचते का हेही याच वेळी पाहा. ग्रीस भरायचे निपल मातीने बुजलेले असतात आणि ग्रीसगन दाबून ग्रीस सगळे बाहेरच सांडते.

आता इंजिन. कृपया सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न बसवता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून सपाट जागेवर दोघांनी हळू ढकलावी. इंजिन फिरले तर उत्तम. अडले तर जोर करू नका, पुन्हा तेल घालून दोन दिवस थांबा. नंतर जुने ऑइल काढून त्याचा रंग पाहा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर त्यात पाणी मिसळले आहे आणि हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या पातळ थरावर संशय घ्यावा लागेल. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा रबरी पडदा फाटला आहे. नवे 20डब्ल्यू-40 दर्जाचे ऑइल भरून, प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ थोडा थोडा फिरवा आणि ऑइलचा लाल दिवा विझल्यावरच प्लग बसवा. दिवा विझण्याआधी इंजिन सुरू करणे म्हणजे कोरड्या बेअरिंगवर ते घासणे होय.

बाटलीतून पेट्रोल देण्याची युक्ती आम्हीही केलेली आहे, परंतु बाटली गरम इंजिनाशेजारी बॉनेटमध्ये टांगून ठेवण्याची सवय फार वाईट आहे. करायचेच असेल तर मोकळ्या हवेत, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवून आणि पाच मिनिटांपुरतेच करावे.

नाना पेठेतील वाचक

ब्रेकबद्दल वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु क्रमात एक काम त्याहून आधीचे आहे आणि ते राहून गेले आहे. मॅटखाली ओल आहे असे आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते आपल्या पूर्ण पत्रातील ते सर्वांत गंभीर वाक्य आहे.

पद्मिनी म्हणजे फियाट 1100 चेच पुढचे रूप. जीप किंवा ट्रकला जसा खाली वेगळा सांगाडा असतो तसा तो या गाडीला नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोके जिथे अडकवलेली असतात ती जागा सडली असेल, तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही, चाके जागेवर राहण्याचा प्रश्न होतो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी हे शिकलो. एका गॅरेजने मला आधी डेंटिंग-पेंटिंग करून दिले, गाडी आरशासारखी चकाकू लागली, आणि दोन महिन्यांनी जॅक लावला तेव्हा जॅक गाडी उचलण्याऐवजी पत्र्यातून आरपार वर आला. सडलेल्या भागावर त्यांनी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरून वर रंग मारला होता. तो रंग पुन्हा खरवडावा लागला, म्हणजे पैसे दोनदा गेले.

तेव्हा मॅट, खालचा नमदा आणि डिकीतील अस्तर काढून टाका. जाड पेचकसाच्या टोकाने तळ, चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पेट्या टोचून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. पेचकस आत रुतला तर तिथे नवा पत्रा कापून वेल्डिंगने बसवावा लागेल. साधे लोहचुंबकही उपयोगी पडते, कारण लांबी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढावी आणि पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवावी. रिकामी टाकीसुद्धा वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, लावा.

टाकी उतरली की तिच्यातील जुने पेट्रोल फेकून आतला गंज पाहा. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच येते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज वाढतो. त्या काळचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यात मऊ पडतात. इथेनॉल सोसणारे नवे पाइप घालावेत, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर बसवावा आणि कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे असलेले भाग, साफ करावेत. इंजिन अडखळत असेल किंवा नेहमीपेक्षा गरम होत असेल तर मिश्रण पातळ पडत आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, आणि जाणकाराकडून एक माप मोठा जेट बसवून घेता येतो. मुख्य म्हणजे गाडी आठवड्यातून एकदा चालवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये शिसे नसल्याने जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या सीट झिजतात असे सांगून कोणी घाबरवले तर मनावर घेऊ नका. या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि व्हॉल्व्हच्या सीट त्यात वेगळ्या बसवलेल्या आहेत.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. मात्र 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या जोरावर चालणारी मागणी आटली आहे. ब्रेकचे सिलिंडर चांगल्या स्थितीत दिसले तर एक जोड जास्तीचा घेऊन ठेवा.

कागदाचा माणूस

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनालाच व्हिंटेज नोंदणी मिळते. आपली गाडी त्यात 2034 पूर्वी बसत नाही. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांपुरतीच मुभा असते. पाचगणीची सहल त्यात बसत नाही.

आपला खरा पेच वेगळाच आहे. नोंदणी मृत व्यक्तीच्या नावावर असताना मुलाने केलेली विक्री आरटीओच्या दृष्टीने अपुरी आहे. आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर यावी लागेल. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30 भरून ती आपल्या नावावर होईल. आपण पूर्ण रक्कम दिली नसेल तर काही भाग हे होईपर्यंत राखून ठेवा, आणि दिली असेल तर मुलाशी गोड बोलून सह्या आजच घ्या. नोंदणीचे नूतनीकरण फॉर्म 25 वर होते, पाच वर्षांसाठी मिळते, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. उशिराचे शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा.

आणखी एक गोष्ट. 1984 ची गाडी म्हणजे एमएच मालिकेच्या आधीचा, तीन अक्षरांचा क्रमांक. असे क्रमांक पुष्कळदा ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलेलेच नसतात, आणि तोपर्यंत ऑनलाइन शुल्कही भरता येत नाही. मूळ पुस्तक घेऊन आरटीओत जा आणि बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या गाडीची माहिती त्या प्रणालीत चढवणे, करून घ्या. जाण्यापूर्वी चासी आणि इंजिनाचे क्रमांक साफ करून पुस्तकाशी ताडून पाहा. अशा गाड्यांचे इंजिन कधीतरी बदललेले असते आणि नोंद करायची राहून गेलेली असते. विमा आणि पीयूसी होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणू नका, तपासणीलाही टो करूनच न्या. 2019 पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, म्हणून हौसेने जुन्या अक्षरांची पाटी रंगवून घेण्याचा खर्च करू नका.

नवखा वाईकर

सर्वांचे आभार. काल मॅट काढली. चालकाच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत पेचकस आरपार गेला आणि खाली शेडची फरशी दिसली. दारांखालच्या पेट्या मात्र खणखणीत वाजल्या. इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी जुळतो. प्लग काढून तेल सोडले आहे. विकणाऱ्याच्या दोन बहिणी आहेत, त्यातील एक नागपूरला असते, तिची संमती टपालाने मागवली आहे. एवढ्या एका छिद्रासाठी संपूर्ण तळ बदलावा का?

कुर्ल्याचा जुना हात

नाही. छिद्राच्या चारही बाजूंनी जिवंत पत्रा लागेपर्यंत कापा आणि तेवढाच तुकडा बसवून घ्या. पण पाणी कोठून येते ते आधी शोधा. पुढच्या काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यावर तांब्याभर पाणी ओता आणि आत टॉर्च धरून बसा. तिथून गळत असेल तर रबर आधी बदला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नवा तुकडाही सडेल.