मदत हवी आहे: पवनीत जपानी प्रदर्शन आणायचं आहे, दूतावासाशी व्यवहार कसा करावा?

पवनीच्या (जि. भंडारा) जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, मुचलिंद नाग (बुद्धावर फणा धरणारा नाग) कोरलेला स्तंभही पवनीचाच. हा ठेवा आणि जपानचा बौद्ध वारसा शेजारी-शेजारी मांडणारं प्रदर्शन दिवाळीनंतर, मंडईच्या (आमच्याकडच्या जत्रेच्या) दिवसांत, गावच्या वाचनालयात भरवायचं आहे. महाराष्ट्र मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे येतो, म्हणून पत्र तिथंच जाईल. फिरती प्रदर्शनं मात्र दिल्लीचं जपान फाउंडेशन (जपानची सांस्कृतिक संस्था) पाहतं.

खरी अडचण पैशाची. परकीय सरकारचा निधी संस्थेच्या साध्या खात्यात घेताच येत नाही. त्यासाठीच्या एफसीआरए (परकीय निधी नियमन कायदा) नोंदणीला तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. खेड्यातल्या वाचनालयाला ते कुठून जमणार? उरते त्या एका निधीपुरती सरकारची पूर्वपरवानगी: एफसी-३बी अर्ज, देणाऱ्याचं वचनपत्र, प्रकल्पाचा आराखडा, शिवाय स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेत खातं. त्यापेक्षा रोख नकोच, फलक परतीच्या बोलीवर मागावेत, असं वाटतं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: वाहतूक नि विम्याचा खर्च कोणाच्या माथी येतो? फलकांच्या पेट्या केवढ्या असतात, बोलेरो पिकअपमध्ये मावतात का? आणि मराठी मथळे आपण लावलेले चालतात का?