‘फाइल आणते’ एवढं वर्णन पुरतं म्हणे!

कटकट्या
परवा एकाने ठोकून दिलं: ‘मॉडेलं आता हुशार झालीत, टूलचं वर्णन एका ओळीत संपवा, बाकीचं एजंट बघून घेईल.’ (एजंट म्हणजे स्वतः कामं उरकणारं एआय मॉडेल; टूल म्हणजे त्यासाठी ते बोलावतं ते फंक्शन, आणि ते कसं वापरायचं हे त्याला वर्णनातूनच कळतं.) त्यावर वाहवा काय, टाळ्या काय. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या एजंटला दोन टूलं दिली होती, ‘गेट_फाइल’ आणि ‘गेट_अटॅचमेंट’. दोन्हींचं वर्णन ‘फाइल आणते’. एक कोडच्या रिपॉझिटरीतली आणतं, दुसरं तिकिटाला, म्हणजे कामाच्या नोंदीला, जोडलेली. एजंटला हे कळणार कुठून? त्याने आयडीच्या जागी ‘डिझाइन_फायनल’ हे नाव घातलं, ४०४ (‘सापडलं नाही’) आला, मग मनानेच एक आकडा रचला. तो निघाला भलत्याच तिकिटाचा, आणि त्या कागदाचा सारांश थेट क्लायंटच्या मेलमध्ये.

लिहायला किती लागतं? आयडी ‘लिस्ट_अटॅचमेंट्स’मधूनच घ्या, अंदाजाने बनवू नका. परत मजकूर मिळतो, बेस६४ (अक्षरांत कोंबलेली फाइल) की लिंक, आणि लिंक असेल तर ती कधी मरते. फाइल मोठी असेल तर काय होतं. हे टूल कुठे वापरायचं नाही. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनातही टूलमागे निदान तीन-चार वाक्यं लिहा असंच आहे.

एपीआयवाला
लांबलचक वर्णन म्हणजे भिकार डिझाइनवरचं पांघरूण. एकसारखी दोन नावं दिलीत कशाला? नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी, म्हणजे एजंटला बाहेरची टूलं जोडायचा ठरलेला प्रोटोकॉल, आलं आणि जो तो दिसेल तो सर्व्हर जोडत सुटला. बहुतेक ठिकाणी ही सगळी वर्णनं दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. प्रश्न विचारायच्या आधीच कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलला एका वेळी वाचता येतो तेवढा मजकूर, निम्मा खाल्लेला. त्यापेक्षा एरर नीट लिहा: ‘हे फाइलचं नाव आहे, आयडी नाही, आधी यादी मागवा.’ एजंट स्वतःच सुधारतो.

कटकट्या
रचलेल्या आकड्यावर एरर आलाच नाही हो! २०० (‘ठीक’) आला. खरी फाइल आली, फक्त दुसऱ्याची. आता तुमचा एरर काय करणार?

एपीआयवाला
मग दुखणं वर्णनाचं नाहीच. एजंटला दिलेल्या टोकनला, म्हणजे प्रवेशाच्या किल्लीला, दुसऱ्याचं तिकीट दिसतंच कसं? तिकीट क्रमांक आणि आयडी दोन्ही मागा, जुळले नाहीत तर सर्व्हरने हाकलून द्यावं. मॉडेलला विनवण्या करून सुरक्षा येत नसते.

टेस्टर_ताई
दोघांनीही कधी खरं तिकीट उघडून बघितलेलं दिसत नाही. जिरात (तिकिटं ठेवायच्या सॉफ्टवेअरात) एकाच तिकिटावर एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात. कुठली घ्यायची? तारीख बघून शेवटची घ्या, हे सर्व्हर सांगणार नाही, वर्णनातच लिहावं लागतं. त्यात आमच्याकडची नावं ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_साहेबांनी_बघितलेली’. इथे माणूस चक्रावतो.

टेंडरग्रस्त
ते वर्णन घाला चुलीत. योग्य फाइल मिळाली तरी आत काय असतं? कृतिदेव नाहीतर श्रीलिपी, युनिकोडबाहेरचे जुने फॉन्ट! मराठी फक्त डोळ्यांना दिसते, मजकूर काढला की रोमन अक्षरांचा कचरा. आणि एजंट त्या कचऱ्याचाही शांतपणे मुद्देसूद सारांश देतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण डीटीपीवाल्यांना अजून जाग नाही.

छापखाना
आमच्यावर घसरायचं कारण नाही. पानं लावायच्या पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, आम्ही काय डोक्यात टाइप करायचं होतं? बिल द्यायला सहा महिने लावणारे आता आम्हाला शिकवणार!

टेंडरग्रस्त
पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची आहे. अजून किती वर्षं तीच सबब? आम्हाला आलेली निविदा मागच्या महिन्यातली होती.

छापखाना
निविदा लिहिणाऱ्याने हस्तलिखित दिलं, ‘उद्या सकाळी हवं’ म्हणून. शिव्या त्याला घाला की. हातात जो कीबोर्ड बसलाय तोच चालणार.

टेस्टर_ताई
भांडा खुशाल, पण उपाय आहे. पानाचं चित्र काढून ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढायचा; टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला मराठी येतं. जोडाक्षरं अधूनमधून खातं, पण कचऱ्यापेक्षा बरं.

कटकट्या
म्हणजे वर्णनात आणखी एक वाक्य: ‘मजकूर वाचण्याजोगा नसेल तर पानाचं चित्र मागवा.’ कुठे गेले एका ओळीवाले?

एपीआयवाला
फॉन्टचं नाव पीडीएफमध्येच असतं. सर्व्हरने कृतिदेव ओळखून स्वतः ओसीआर लावावं. एजंटला कशाला त्रास? असो. ‘आयडी कुठून घ्यायचा’ आणि ‘कुठे वापरू नये’, ही दोन वाक्यं ठेवा, तुमच्या समाधानासाठी. पुढे निबंध आला तर मी रिव्ह्यूत उडवणार.

कटकट्या
उपकार झाले, महाराज. आणि लिंक मरते ते?

एपीआयवाला
ते उत्तरातच ‘इतक्या वाजेपर्यंत चालेल’ असं पाठवा. वर्णनात नको म्हणजे नको.

छापखाना
कृतिदेवचं युनिकोड करून हवं असेल तर सांगा. पानामागे पैसे, आगाऊ.