'नोस्फेरातू'ला मराठीत काय म्हणायचं?

एका शब्दावर अडलोय, मदत हवीय. आम्ही काही मित्र मिळून जुने मूकपट बघतो, पुढच्या वेळी जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ चा 'नोस्फेरातू', म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा पिक्चर, लावायचाय आणि घरातली मोठी माणसंही येणार म्हणून मधल्या पाट्या, म्हणजे ती टायटल कार्डं, मी मराठीत करायला घेतलीत. पहिल्याच पाटीवर गाडी अडली. कथा सांगणारा सुरुवातीलाच विचारतो की नोस्फेरातू हा शब्द मध्यरात्री ओरडणाऱ्या मृत्यूच्या पक्ष्याच्या हाकेसारखा वाटत नाही का, आणि मग बजावतो की तो तोंडातून काढू नकोस, नाहीतर आयुष्यातली चित्रं फिकी पडून नुसत्या सावल्या उरतील. म्हणजे पिक्चर भुतापासून नाही, शब्दापासून सुरू होतो, आणि तोही असा पिक्चर ज्यात कोणाचा आवाजच ऐकू येत नाही! मला या शब्दाचा मूळ अर्थ हवाय. शिवाय मराठीत 'वेताळ' लिहिलं तर चालेल का, आणि जर्मन पाटीत त्या पक्ष्याला 'टोटनफोगेल' म्हटलंय, त्याला काय लिहू?

—

मूळ अर्थाचं जरा अवघड आहे, कारण ज्या रुमानियन भाषेतला म्हणून हा शब्द सांगतात तिच्यात तो या रूपात सापडतच नाही. ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' या कादंबरीत (१८९७) तो वापरला, आणि त्याने घेतला एमिली जेरार्ड या लेखिकेच्या ट्रान्सिल्व्हानियातल्या समजुतींवरच्या १८८५ च्या लेखावरून. तिकडचे लोक रक्त पिणाऱ्या पिशाच्चाला असं म्हणतात असं बाईंनी लिहिलेलं. ऐकण्यात किंवा लिहून घेण्यात घोटाळा झाला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. दोन शब्द जवळचे वाटतात, एक 'नेसुफेरित' म्हणजे असह्य, नकोसा, आणि दुसरा 'नेकुरात' म्हणजे अशुद्ध, अपवित्र, तिकडे सैतानाला सरळ असंच म्हणतात. ग्रीकमधल्या 'रोग वाहून आणणारा' अशा शब्दाशीही नातं जोडतात, पिक्चरमधल्या उंदरांना आणि प्लेगला ते फिटही बसतं, पण त्याला आधार मिळत नाही.

मला स्वतःला 'नेकुरात' पटतो कारण ही रीत आपल्याकडे पण आहे. माझी आजी दिवेलागणीनंतर 'साप' म्हणू द्यायची नाही, 'जनावर' म्हण, 'लांबडं' म्हण. भूत लागलं असं कोणी सरळ बोलत नाही, 'बाहेरचं आहे' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. नाव घेतलं की तो येतो, म्हणून नाव टाळायचं आणि गुण सांगायचा. तुमच्या पाटीतली ताकीद हीच तर आहे.

—

'वेताळ' कृपा करून नको. हा गोंधळ जुना आहे, रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच विक्रमासोबत व्हॅम्पायर घातला, तेव्हापासून दोन्ही एकच असं धरून चाललंय. त्या गोष्टींतला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो एवढं साम्य मान्य, पण तो रक्त पीत नाही, कोडी घालतो. आणि आमच्या कोकणात, गोव्यात वेताळ हा देव आहे हो. आमोणे, लोलये इथे त्याची देवळं आहेत. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. हा गावाला सांभाळणारा, आणि पिक्चरमधलं ते पिशाच्च, ऑरलॉक, शवपेट्या जहाजात भरून गावात मरण घेऊन येणारा. ज्या मोठ्या माणसांसाठी पाट्या करताय त्यातलं कोणी तिकडचं असेल तर मनाला लागेल त्यांच्या.

समंध, मुंजा, खवीस, हडळ यातलंही काही बसत नाही, प्रत्येकाची मरणाची वेगळी कथा आहे. स्टोकरने या शब्दाचा अर्थ 'न-मेलेला' असा धरलाय, त्याचं सरळ संस्कृत केलं तर 'अमृत' होतं, आणि ते तर लिहिताच येणार नाही!

—

टोटनफोगेलबद्दल लिहितो, पक्षी बघायचा नाद आहे म्हणून. जर्मनीत हे नाव एका छोट्या घुबडाला लावायचे, रात्री आजाऱ्याच्या खोलीतला दिवा बघून ते खिडकीपाशी यायचं आणि ओरडायचं, म्हणून मरणाशी जोडलं गेलं. आपला पिंगळा त्याचा अगदी सख्खा भाऊबंद, दिसायलाही तसाच. पण 'पिंगळा' लिहू नका, कारण आपल्याकडे पिंगळा म्हटलं की पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा माणूसही आठवतो, त्या शब्दात थोडा शकुन आहे, भीती नाही. तुम्हाला पाहिजे ती 'टिटवी'. रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की कोणीतरी जाणार, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पक्षी म्हणून चूक आहे, घुबड कुठे नि टिटवी कुठे, ती बिचारी अंड्यांच्या काळजीने ओरडत असते, पण अर्थ म्हणून शंभर टक्के बरोबर.

—

एक राहिलं. हा शब्द आज जगभर माहीत आहे तो पुस्तकामुळे नाही, पिक्चरमुळे. पुस्तकात तो अगदी एक-दोनदा येतो. प्राना-फिल्म कंपनीने स्टोकरच्या कुटुंबाची परवानगी न घेता कथा उचलली, ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, हार्करचा हुट्टर, लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचं गाव घातलं आणि 'ड्रॅक्युला' हे नाव टाळायचं म्हणून पुस्तकातला हा कोपऱ्यातला शब्द वर आणून पिक्चरला दिला. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या, १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश निघाला, कंपनीचं दिवाळं त्याआधीच वाजलेलं. काही प्रती बाहेर पोचल्या होत्या म्हणून आपण तो बघू शकतो.

आणि अर्थ पण पिक्चरनेच बदलला. पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो, फक्त ताकद कमी होते. सूर्याच्या उजेडाने तो नाहीसा होतो हे याच पिक्चरमध्ये पहिल्यांदा आलं, आणि आता लोकांना ते हजार वर्षं जुनी लोककथा वाटते. तसंच 'नोस्फेरातू' म्हटलं की आता कुठलाही व्हॅम्पायर नाही डोळ्यासमोर येत, ऑरलॉकचं काम केलेल्या मॅक्स श्रेकचा तो टकलू, उंदरासारख्या पुढच्या दातांचा, लांब बोटांचाच येतो, जिना चढणारी त्याची नुसती सावली आठवली तरी अंगावर काटा येतो. १९७९ मध्ये हेर्त्सोगने आणि २०२४ मध्ये एगर्सने परत केला तेव्हा नाव हेच ठेवलं. म्हणून मी म्हणेन भाषांतर करूच नका. शेवटी 'टू' मात्र नको, रुमानियन 'त' आपल्यासारखा दाताला जीभ लावून म्हणतात, तेव्हा 'तू'च ठेवा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, वेताळाचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्यात एक काका सावंतवाडीचे आहेत! शब्द तसाच ठेवतो, टिटवी घेतो, आणि आजीचं ते 'नाव घेऊ नये' पण घेतो. पाटी आता अशी केलीय:

"नोस्फेरातू. मध्यरात्री घरावरून टिटवी ओरडत जावी, तसा नाही वाटत हा शब्द? रात्रीचं त्याचं नाव घेऊ नये. घेतलंस तर डोळ्यांपुढचं सगळं जग विटून जाईल, सावल्या तेवढ्या राहतील."

मूळ पाटीत 'रात्रीचं' नाहीये, ते मी घातलंय. राहू दे ना?

—

राहू दे. आजी असंच म्हणाली असती.