बाबांच्या रियाजाच्या कॅसेट्स: मधल्या गप्पा कापायच्या की ठेवायच्या?

बाबांना जाऊन चार महिने झाले. पेटीची साथ करायचे. कार्यक्रमाहून मध्यरात्री आले तरी सकाळी आमच्या शाळेच्या वेळेला उठलेले असायचेच. कपाटात २३ कॅसेट्स सापडल्यात, सगळ्या नव्वद मिनिटांच्या, घरच्या रियाजाच्या. वाजवता वाजवता मध्येच थांबतात, आईला विचारतात धाकटा झोपला का, माझं गणित तपासतात, खोकतात आणि परत तिथूनच उचलतात. भाऊ म्हणतो हे सगळं काढून नुसतं वादन ठेवू, नातेवाईकांना पाठवायला बरं. मला कापवत नाहीये. शिवाय दोन कॅसेट्सचा सूर चढलेला वाटतोय. काय करू?

भातावाला: वाचून गलबलून आलं. कापाकापी नंतर, आधी कॉपी! कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही टॅब तोडा म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. डेकचं (कॅसेट प्लेयरचं) हेड, म्हणजे टेप जिथे घासते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणा, मगच प्ले. नव्वदची टेप साठपेक्षा पातळ असते, सारखं पॉज-रिवाइंड नको. कॉम्प्युटरवर २४ बिट वेव्हमध्ये (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) घ्या आणि त्या फाइलला हात लावू नका, नॉइज रिडक्शन वगैरे जे काय करायचंय ते दुसऱ्या कॉपीवर.

काळी चार: सुराचं सांगतो. ती पेटी घरात आहे ना अजून? मग प्रश्नच नाही, पेटीचा सूर काही वाजवणाऱ्याला खालीवर करता येत नाही. टेपवरचा सा पेटीवर शोधा, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडला तर स्पीडचा घोळ. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एका पट्टीचा फरक म्हणजे स्पीडमध्ये साधारण ६ टक्के. रेकॉर्ड करताना बॅटरी उतरलेली असली की असं होतं, टेप तेव्हा हळू फिरते आणि आता नीट डेकवर लावली की सूर चढतो, शेवटाकडे तर जास्तच. आणि पेटी नुसती झाकून ठेवू नका हो, अधूनमधून भाता हलवत जा.

निवांत: भाऊ अगदीच चूक नाही हां. २३ नव्वदच्या म्हणजे साडेचौतीस तास, कुठले नातेवाईक ऐकणार? त्यांना दहा मिनिटांचं वादन द्या, घरी सगळं ठेवा. पण एक, गप्पांमध्ये आईचा पण आवाज आहे, घरातलं बोलणं आहे, आईला विचारलंत का कोणी?

(प्रश्नकर्ती): नव्हतं विचारलं, खरंच लक्षातच आलं नाही. काल विचारलं तर म्हणाली वादन तुम्ही घ्या, ते मी रोज ऐकलंय, मला ते मध्ये थांबतात तेवढं काढून दे. भाऊ काहीच बोलला नाही, रात्री बघते तर माळ्यावरचा डेक काढून पुसत बसलेला. बेल्ट सैल झालाय म्हणतोय, नवीन मिळतो का कुठे?