उदासीन पाण्याचा सामू सात, हे २५ अंश सेल्सिअसपुरतंच

शुद्ध पाणी तापवलं की त्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) सातच्या खाली जातो, म्हणून ते आम्लधर्मी होतं, असा एक समज आहे. पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. तापमान वाढलं की पाण्याचे जास्त रेणू फुटतात, पण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन जोडीनेच तयार होतात. १०० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू साधारण ६.१ भरतो, तरी दोन्ही आयन समसमान, म्हणजे पाणी उदासीनच, ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी! शाळेत नुसतं 'सात म्हणजे उदासीन' पाठ करून घेतात, तापमानाचं नावच काढत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं.

आता ताजं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी बीकरमध्ये उघडं ठेवून बघा. सामू मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा हळूहळू घसरत ५.६ च्या आसपास येतो. हे पाणी मात्र खरोखर आम्लधर्मी, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून कार्बोनिक आम्ल झालेलं असतं.