बागेतील शरभाला तडे गेले आहेत. दुरुस्ती कशी करावी?

खाडीकाठ:
आमच्या किनाऱ्यावरील गावाच्या सार्वजनिक बागेत सिमेंटचा शरभ आहे. सिंहाचे अंग, मिटलेले पंख आणि उजव्या पंजाखाली दबलेला हत्ती असे त्याचे रूप असून, त्या हत्तीच्या सोंडेवर पाय देऊन आम्ही लहानपणी वर चढत असू. यंदाच्या पावसाळ्यानंतर त्याच्या पोटाखाली उभी भेग पडली, तिच्यातून तांबूस ओघळ येऊ लागले आणि मागच्या पायाचा ढलपा पडून सळई उघडी झाली. आजवर तीनदा तैलरंग दिला गेला. आता चौथ्यांदा द्यायचे घाटत आहे. चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी:
रंगकाम आधी थांबवा. खाऱ्या हवेतील क्षार सिमेंटमध्ये मुरून सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे सिमेंट आतूनच फुटते. वरून तैलरंग दिल्यास भेग झाकली जाते, पण आत शिरलेली ओल कोंडून राहते. सैल भाग काढावा, सळई लख्ख होईपर्यंत घासून तिला गंजरोधक लेप द्यावा आणि मगच पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावे. हे काम गवंड्यावर न सोपवता मूर्तिकाराकडून करून घ्यावे, कारण पंखांची घडी थापीने पुन्हा साधत नाही.

माडबन:
शरभ आपल्याकडे परका नाही. जंजिऱ्याच्या महाद्वारावर हत्तींना पकडणारा शरभ आजही पाहता येतो. नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने हे रूप घेतले, अशी पुराणकथा आहे. तो दगडातला शरभ घडवणारा अनाम राहिला. सिमेंटच्या शरभाचे तसे होऊ नये, असे मनापासून वाटते. अलिबागजवळच्या सासवण्यात शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे, म्हणून तिथली शिल्पे त्यांच्या नावानिशी पाहता येतात. आपण शेपटीच्या मागे आणि टाचांजवळ रंग खरवडून पाहावा. ओल्या सिमेंटमध्ये नाव कोरलेले असू शकते.

खाडीकाठ:
आज सकाळी पाहिले. डाव्या मागच्या टाचेशी, रंगाच्या तीन थरांखाली, खिळ्याने कोरलेले आडनाव सापडले. ते घराणे शेजारच्याच वाडीत आहे. मूळ नमुना किंवा एखादे छायाचित्र त्यांच्याकडे असल्यास पंखांचे काम त्याबरहुकूम करता येईल, म्हणून उद्या त्यांच्याकडे जात आहे. रंगकाम तूर्त थांबवले आहे.